आईचे नाव : वहिनी

रविवारी सकाळी धाकटीनं जेवणाच्या टेबलावरचा पाण्याचा जग आणि फळांची परडी उचलून फ्रिजवर ठेवली आणि टेबलभर सासूबाईंचे कागद मांडले. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, बँकेचं कार्ड. एवढ्या कागदांत माणूस एकच होता आणि नाव मात्र प्रत्येक कागदावर वेगळं. औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावण्यात तिचा सगळा आठवडा जायचा. रविवार तरी अक्षरांशिवाय जावा एवढीच तिची इच्छा होती, पण या घरात ती पुरी व्हायची नव्हती.

"शाळेच्या दाखल्यात एक 'ए' आहे," ती फोनकडे बघत म्हणाली. साखरेच्या डब्याला टेकवून उभ्या केलेल्या फोनमध्ये तिची नणंद दिसत होती. "पासपोर्टात दोन. लग्नाच्या दाखल्यात परत एक, पण आडनावात 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. पेन्शनवाल्यांनी शेवटी एक 'एच' फुकटात दिलाय. आणि बँकेनं बाबांचं नाव आईंच्या नावाला चिकटवून टाकलंय, मधे जागासुद्धा सोडली नाही."

"बाबांना आवडलं असतं ते," ताई म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "हे सगळं चालतं गं. वकीलबाई म्हणाल्या, जेवढी नावं असतील तेवढी लिहायची, काही लपवायचं नाही. ही सगळी एकाच बाईची नावं, असं प्रतिज्ञापत्र जोडलं की झालं. घोडं अडलंय ते माझ्या जन्मदाखल्यावर."

तो दाखला टेबलाच्या मधोमध होता. त्यावर बाळाच्या वडिलांचं नाव धड होतं, आडनाव धड होतं, तारीखही धड होती. आणि 'आईचे नाव' या रकान्यात लिहिलेलं होतं, वहिनी.

हा या घरातला सगळ्यात जुना विनोद. ताई जन्मली तेव्हा बाबा लांब कुठल्या तरी पुलाच्या कामावर होते. जन्माची नोंद करायला बाबांच्या धाकट्या भावाला, काकांना पाठवलं गेलं. काका तेव्हा भिंगं घासायला शिकणारे, मिसरूड फुटलेले. कचेरीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, बाळाच्या आईचं नाव? काका म्हणाले, वहिनी. त्यानं लिहिलं वहिनी. मागे रांग होती. बाबा परत आल्यावर हसून हसून खाली बसले होते म्हणे, आणि मग दुरुस्ती करू, दुरुस्ती करू म्हणता म्हणता ताईचं लग्न होऊन ती देशाबाहेर गेलीसुद्धा. लग्नात हा किस्सा सांगून झाला, बाबांच्या निवृत्तीला सांगून झाला. प्रत्येक वेळी लोक हसले.

परदेशातल्या इमिग्रेशनच्या कचेरीत मात्र कोणी हसलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही म्हणता ही माझी आई. तुमच्या जन्मनोंदीत आई म्हणून दुसरीच बाई आहे. शुक्रवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर अर्ज बंद.

अर्ज आईबाबा दोघांचा भरलेला होता. रांग एवढी लांब की नंबर लागेपर्यंत बाबा वाट बघून निघून गेले. आता त्या देशानं आईवडिलांसाठी नवे अर्ज घेणंच थांबवलं होतं. हा बंद झाला की संपलं.

"नोंदवहीत माहिती देणारा म्हणून काकांची सही आहे," ताई म्हणाली. "त्यांनीच शपथेवर सांगायला हवं की वहिनी म्हणजे आई. दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. तयार झाले का ते?"

प्रतिज्ञापत्र केव्हाच टाइप होऊन आलं होतं. आधी काकांकडे भिंगांचा माल येणार होता. मग त्यांना कणकण होती. आणि आता त्यांनी नवीनच काढलं होतं की त्या दिवशीचं काही नीट आठवत नाही, उगाच खोटी शपथ कशी घ्यायची?

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मटार सोलत होती. "माझी थुंकी घेतात म्हणे तपासायला," ती म्हणाली. "तेच करून टाका एकदाचं."

"ती डीएनए तपासणी त्यांनी मागितली तरच होते आई. आपण मागून होत नाही."

"मग राहिलं." आईनं शेंग मोडली. "मी तिची आई आहे हे थुंकीला माहीत, मला माहीत, तिला माहीत. आणखी कुणाला सांगायचं राहिलंय ते सांगा."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बाल्कनीच्या दारात उभा राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. "जा ना खाली," ती म्हणाली. "बोलाव काकांना. आज निकाल लावूया."

*

धाकटा जिना उतरला. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून त्याचे गुडघे गेले होते, आणि स्वतःच्या घराला हा असा उभा जिना. खाली काकांचं चष्म्याचं दुकान आणि त्यामागच्या खोलीत काकांचा पलंग. काकांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे घरात आता कुणी विचारत नसे.

रविवार असूनही काका गल्ल्यापाशी बसून एका चौकटीचा स्क्रू आवळत होते. मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर ढब्बू अक्षर आणि खाली मुंग्या.

"बोलावलंय वर."

"कोणी? आईनं की सरकारनं?" धाकटीला काका सरकार म्हणायचे. तिच्यासमोरसुद्धा.

"सरकारनं."

"हं." काकांनी स्क्रू आणखी आवळला. तो आधीच आवळलेला होता.

धाकटा गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीवर बसला. लहानपणी याच खुर्चीवर बसवून काकांनी त्याच्याकडून ती अक्षरं पाठ करून घेतली होती, शाळेतल्या तपासणीत पास व्हावा म्हणून. तो पास झाला आणि वर्षभर फळ्यावरचं काही न दिसता वर्गात बसला.

"काका, एक बोलू? नका करू सही."

काकांनी वर पाहिलं नाही.

"आठवत नाही म्हणताय ना, तेच म्हणत राहा. कुणाला काय कळतंय? शुक्रवार निघून जाईल. ताई थोडे दिवस रडेल, मग बोलायची बंद होईल, मग सुट्टीत येईल नेहमीसारखी बॅगभर शॅम्पू घेऊन. आई कुठं तिकडे रमणार आहे? तिला तिथली बससुद्धा पकडता यायची नाही. इथं सगळं आहे तिचं. मी आहे. तुम्ही आहात."

"मी आहे," काका हळूच म्हणाले.

"तुम्हालाही तेच हवंय. मला काय दिसत नाही?"

धाकट्यानं हे काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं. उलट त्याला वाटलं होतं, काकांना बरं वाटेल, आपण एकटे नाही असं वाटेल. पण काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी चौकट खाली ठेवली, स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

इतके दिवस ते स्वतःशी म्हणत होते की खरंच आठवत नाही. रोज म्हटलं की माणसाला पटायला लागतं, तसं त्यांना पटतही आलं होतं. एकट्यानं केला तर तो विसरभोळेपणा होता. पुतण्यानं भागीदारी मागितली आणि त्याचा सरळ कट झाला. वहिनीविरुद्ध. दादा गेल्यावर रोज दुपारी जिच्यासमोर बसून ते चहा पितात, तिच्याविरुद्ध. काकांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"जिन्यातला दिवा लाव," ते म्हणाले. "पायऱ्या दिसत नाहीत मला हल्ली."

"चष्मेवाल्यालाच?"

"चष्मेवाल्यालाच. चल."

*

वर आल्यावर काका नेहमीच्या जागी बसले नाहीत. टेबलाशी, कागदांसमोर बसले.

"काका, आवाज येतोय का?" फोनमधून ताईनं विचारलं.

"येतोय. तुझा आवाज फोनशिवायसुद्धा येईल."

कुणी हसलं नाही. ताईचा चेहरा पुढे सरकला, इतका की नुसतं कपाळ आणि डोळे दिसायला लागले. "काका, एक विचारू? हसण्यावारी नेऊ नका. तुम्हाला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं का हो?"

"माहीत होतं की. लग्नाच्या पत्रिका मीच वाटल्या होत्या."

"मग?"

काकांनी जन्मदाखला जवळ ओढला. "तोंडातून आलं नाही. थोरल्या भावाची बायको. तिला नावानं कोण म्हणतं? घरात आली त्या दिवसापासून वहिनी. त्या माणसानं विचारलं, बाळाची आई कोण? मला दुसरं काही सुचेचना. त्याच्या टेबलावर पेल्याखाली दाबून ठेवलेले कागद होते, ते वाऱ्यानं फडफडत होते, आणि मागचा एकजण सारखा मला ढोसत होता, आटप रे बाबा, आटप. मी म्हटलं, वहिनी. तो म्हणाला, वहिनी काय? मी म्हटलं, वहिनीच. आमच्या वहिनीच."



"म्हणजे आठवतंय की," धाकटी म्हणाली. "पेल्यासकट."

दाखला काकांनी हळूच होता तिथे सरकवून ठेवला.

"तू गप्प बस," धाकटा बायकोवर एकदम उसळला. "चांगला वकील झालीस दोन आठवड्यांत. तुला माझ्या आईला घालवायची एवढी घाई कशाला?"

"घालवायची?" धाकटी खुर्चीवरून उठली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. "माझी आई आजारी होती तेव्हा मला रजा मिळाली नाही. मिळाली तेव्हा ती बोलत नव्हती. ताई रोज या फोनमध्ये येऊन बसते ना, तिच्याकडे बघून मला काय होतं ते तुला सांगून कळायचं नाही. आणि आई गेल्यावर या घराचं काय होणार ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहिती आहे. कामावरून आल्यावर मला पाणी कोण विचारतं? तू?"



"भांडू नका रे," ताई फोनमधून म्हणाली. "माझ्यामुळे भांडू नका. जाऊ दे, नको होऊ देत. मी येत जाईन सुट्टीत."

"तू गप," आता धाकटीच नणंदेला म्हणाली. "मी सगळ्या कागदांच्या प्रती काढून आणल्यात."

"मला कुणी विचारलंय का?"

हे आई म्हणाली. मटाराचं भांडं मांडीवर होतं. तिनं ते खाली ठेवलं, पदर झटकला आणि टेबलाशी आली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. गेले कितीतरी दिवस या टेबलावर तिचंच नाव चाललं होतं, पण तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"मला जायचंय, भाऊजी."

काकांनी मान हलवली. हलवली म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तिच्या दोन्ही बाळंतपणांना मी नव्हते. पहिल्या वेळी व्हिसा दिला नाही, दुसऱ्या वेळी हे आजारी. परक्या बाया येऊन तिला न्हाऊ घालून गेल्या. तिच्या घरातला मला एकच कोपरा माहितीये, हा फोनमध्ये दिसतो तो. तो दिवा आणि ते हिरवं झाड. बाकीचं घर कसं आहे, कपबशा कुठल्या फडताळात ठेवते, काही माहीत नाही. लेकीच्या घरी पाणी हवं असलं तर मला ते पाहुण्यासारखं मागावं लागेल. ते मला नकोय. मला उठून घेता आलं पाहिजे."

ताई फोन सोडून कुठं तरी गेली. पडद्यावर नुसता दिवा आणि हिरवं झाड राहिलं. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"मी दमलेय भाऊजी. नावं सांगून सांगून दमले. एक 'ए', दोन 'ए', हा 'एच', तो 'डब्ल्यू'. यातली एकही मी नाही म्हणतात. नसेन. पण दमलेय म्हणजे मला जायचं नाही, असं धरून चालू नका. तूही धरू नकोस," ती धाकट्याकडे वळून म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं. जिन्यातून तर जास्तच."

धाकट्यानं मान खाली घातली.

"आणि तुम्ही सही नाही केलीत," ती काकांना म्हणाली, "तरी मी दुपारी चहा करीन. तुम्ही हाक मारलीत की या म्हणेन. त्यात काही बदलणार नाही. पण तो चहा मग तसा लागायचा नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

काकांना या बाईचा आवाज चांगला माहीत होता. चिडलेला, थकलेला, भाऊ गेला त्या दिवशीचा. हा त्यातला कुठलाच नव्हता. तिनं त्यांच्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. दुकानातून येताना दूध आणा, एवढंच.

"तो नोटरी उद्या किती वाजता बसतो?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"दहाला, काका."

"मग साडेनऊला निघू, सरकार. मेले दहाचे दहाला कधी बसतात का. पण आपण निघू."

*

नोटरीचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. खोलीत रबराचा वास, भिंतीला टेकलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि नोटरी म्हणजे एक पोट सुटलेला, सर्दी झालेला माणूस. त्यानं आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, कागद चाळले आणि रुमाल नाकाला लावला.

"वहिनी?" तो म्हणाला. "असं लिहून दिलं?"

"दिलं," काका म्हणाले.

"आणि त्यानं लिहून घेतलं?"

"घेतलं."

"धन्य आहात दोघं." त्यानं प्रतिज्ञापत्र काकांपुढे सरकवलं. "मोठ्यानं वाचा. तुम्ही स्वतः वाचलंत, समजून घेतलंत, असं मला लिहावं लागतं. नावं आली की एकेक अक्षर सांगायचं, मी कागदांशी ताडून बघतो."

काका वाचायला लागले. मी शपथेवर सांगतो की माझ्या पुतणीच्या जन्माची नोंद मी स्वतः केली. त्या नोंदीत आईचे नाव म्हणून मी सांगितलेला 'वहिनी' हा शब्द नाव नसून नाते आहे. सदर वहिनी म्हणजेच माझ्या थोरल्या भावाची पत्नी...

इथे ते थांबले. पुढचा शब्द तिचं नाव होता.

"दिसत नाही का?" नोटरीनं विचारलं. "चष्मा बदलून घ्या. चांगला माणूस हवा तर सांगतो."

"चष्मा बरोबर आहे," काका म्हणाले.

आई शेजारच्या खुर्चीवर होती. तिनं पर्सची चेन उघडली, आत काहीतरी शोधलं, चेन लावली. धाकटी भिंतीपाशी उभी होती. तिला एकदम वाटलं की आपण बाहेर जाऊन उभं राहावं, पण दारात टायरवाल्याची शिडी होती.

काकांनी ते नाव घेतलं.

मग अक्षरं सांगितली, एक 'ए'वालं. नोटरीनं शाळेच्या दाखल्यावर खूण केली. "पुढचं." पुढचं पासपोर्टातलं. काकांनी पुन्हा नाव घेतलं, पुन्हा अक्षरं सांगितली. जन्मभर त्यांनी काठी घेऊन लोकांकडून अक्षरं वाचून घेतली होती, आता दुसरा माणूस त्यांच्याकडून वाचून घेत होता. मग लग्नाच्या दाखल्यातलं, मग पेन्शनमधलं, मग बँकेतलं, चिकटलेलं. कागदावर ती पाच नावं होती, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसलेली. पण काकांच्या तोंडून ऐकताना त्यांत कसलाच फरक नव्हता. तेच ते, साधं, तीन अक्षरी नाव. जे काकांनी इतकी वर्षं जिभेवर आणलं नव्हतं, ते त्यांना एका बैठकीत पाच वेळा घ्यावं लागलं, तेही तिच्यासमोर, रबराच्या वासात.

पाचव्या वेळी त्यांचा आवाज जरा सरावला. ते आईलाच पहिल्यांदा जाणवलं, आणि का कोण जाणे, तिला ते आवडलं नाही.

"सगळी एकच?" नोटरीनं विचारलं.

"एकच," काका म्हणाले.

"आणि वहिनी?"

"तीही हीच."

नोटरी शिंकला आणि त्यानं शिक्का मारला.

*

उत्तर पुढच्या महिन्यात आलं. खुलासा मान्य होता. ताईनं फोनवर आधी रडून घेतलं आणि मग कामाला लागली. तिकीट, विमा, गरम कपडे, डॉक्टरांकडून औषधांच्या चिठ्ठ्या. "आता तुझं सगळीकडे एकच नाव हं आई," ती म्हणाली. "दोन 'ए'वालं. पासपोर्टातलं. कुणी विचारलं तर तेच सांगायचं, बाकीची विसरून जायची."

"बरं," आई म्हणाली.

धाकटा त्या रविवारनंतर फारसं बोलला नव्हता. आज मात्र त्यानं माळ्यावरून बाबांची मोठी सुटकेस काढली. तिचं एक चाक अडत होतं. कामावरून आणलेलं वंगण घेऊन तो दुपारभर फरशीवर बसला होता आणि सुटकेस पुढे-मागे ढकलून बघत होता. "आता लहान मूलसुद्धा ओढेल," तो आईकडे न बघता म्हणाला. आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. तो तसाच बसून राहिला, चाक फिरवत.

मग तो हात धुवायला गेला. धाकटी अजून दुकानातून यायची होती. आईनं चहाचं आधण ठेवलं.

ती मनाशी मोजत होती. तिकडे ताई आई म्हणेल. जावईही आईच म्हणतो. नातवंडं आजी म्हणतील, तीही त्यांच्या त्या गोड, मोडक्या उच्चारात. कचेरीतले लोक, डॉक्टर, बँकवाले दोन 'ए'वालं नाव घेतील, आणि तेही चुकीचं घेतील. नाव तसं पुष्कळांच्या तोंडी येणार होतं. पण एक हाक होती ती तिकडे कुणी मारणार नव्हतं. ती मारणारा जगात आता एकच माणूस उरला होता, आणि तो खाली दुकानात होता. कागदावर त्यानंच शपथेवर लिहून दिलं होतं की ती नाववाली आणि वहिनी, ह्या दोघी एकच. विमानात मात्र एकीलाच बसता येणार होतं. हे तिला इतकं लख्ख कळलं की तिनं गॅस बारीक केला आणि ओट्याला धरून उभी राहिली.

खाली दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज झाला. मग जिन्याच्या तळातून, रोजच्यासारखी, हाक आली.

"वहिनी! येऊ का?"

या भाऊजी, हे तिच्या ओठांवर आलेलं होतं. पण तिनं ओ दिली नाही.

जिन्यात एक पायरी वाजली.

"वहिनी?"

चहा उकळून वर आला तरी ती तशीच उभी होती. त्यांनी आणखी एकदा हाक मारावी म्हणून.